सातशे ब्याण्णव मापं

पावणेपाचला मिस्त्री उठायचे. साडेचारला नाही, पाचला नाही. गजराची गरज कधी पडली नव्हती, तरी रोज लावायचे. माणसानं स्वतःवर फार भरवसा ठेवू नये, म्हणायचे. पाच वीसला चहा, पाच चाळीसला घराबाहेर, सव्वासहाला वर्कशॉपचं कुलूप उघडलेलं. कामाची वेळ सातची. मधला पाऊण तास त्यांनी एकतीस वर्षं फुकट दिला आणि त्याबद्दल कधी कुणाला ऐकवलं नाही. त्या वेळात कानशींच्या दातांतला चुरा ब्रशनं काढायचा, व्हर्निअरचा शून्य शून्यावर बसतो का ते बघायचं, ओव्हन तापायला लावायचा. हत्यार आपल्या आधी तयार पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

वर्कशॉप कृत्रिम पायांचं. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि जनरेटरची खोली यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक लांबट खोली. एका टोकाला प्लास्टरची पिंपं, मध्ये कामाची दोन टेबलं, दुसऱ्या टोकाला आकार कोरायचं मशीन. भिंतीलगत दोन समांतर दांडे, नवा पाय घालून पहिली पावलं टाकायला. त्या दांड्यांचा रंग कधीच उडालेला. मिस्त्री नवा लावू देत नसत. घासलेल्या लोखंडावर पकड चांगली बसते.

मूळचे ते लाकडी साचे करणारे. ओतकामाच्या कारखान्यात पंपाचे, व्हॉल्व्हचे साचे करत. कारखाना बंद पडला तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. इथे आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना एवढंच सांगण्यात आलं, "पंपाला दुखत नाही, पायाला दुखतं. बाकी काम तेच." ते वाक्य त्यांनी गाठीला बांधलं.

गुडघ्याखाली जितका पाय उरतो तो प्लास्टिकच्या एका वाटीत बसतो. तिला सॉकेट म्हणतात. सगळा खेळ त्या सॉकेटचा. एक मिलिमीटर घट्ट झालं की संध्याकाळपर्यंत फोड. एक मिलिमीटर सैल झालं की पाय आत खुळखुळतो आणि माणूस लंगडतो. एकदा वर्कशॉपचे साहेब सहज म्हणाले, "मिस्त्री, जरासं घासून टाका ना."

"जरासं म्हणजे किती?"

"जरासं म्हणजे... थोडंसं."

"जरासं आणि थोडंसं ही मापं माझ्या पट्टीवर नाहीत साहेब. तुमच्याकडे असेल ती पट्टी तर द्या."

तेव्हापासून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त एका बाईची होती. ती बसमध्ये कंडक्टर. डावा पाय अपघातात गुडघ्याखाली गेलेला. नऊ वर्षं मिस्त्रींनी केलेल्या पायावर उभी राहून तिनं तिकिटं फाडली होती.

कॉम्प्युटर वर्कशॉपमध्ये आला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याआधी प्रत्येक पायाचं कार्ड असायचं. मग पद्धत बदलली. पायाचं प्लास्टर घ्यायचं, ते मोजणाऱ्या मशीनखाली फिरवायचं, मशीन आकडे लिहायचं. दर तीन मिलिमीटरला एक ओळ, ओळीत छत्तीस आकडे. ऐंशी ओळी म्हणजे एक पाय. मग त्या आकड्यांत मिस्त्री हातानं दुरुस्त्या करत. इथे हाड टोचतं, दोन मिलिमीटर जागा द्या. इथे मांस मऊ आहे, तीन आत घ्या. कोरायचं मशीन ते आकडे घेऊन फोमचा ठोकळा कोरायचं, त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की सॉकेट तयार.

पहिलं वर्षभर मिस्त्री कॉम्प्युटरशी सावत्रासारखं वागले. मग एकदा पटलं, तसं सगळं मनापासून. जुनी कार्डं त्यांनीच चढवली आणि जागा अडते म्हणून त्यांनीच रद्दीत दिली. नावपत्त्यांची वही तेवढी ठेवली. तीनशे चाळीस माणसं. तीनशे चाळीस पाय.

साहेबांनी पाकिटाएवढी एक डिस्क आणून दिली होती. "रोज काम संपलं की हिच्यात दुसरी प्रत घ्या आणि कपाटात ठेवा."

आता वर्कशॉपची एक रीत होती. हॉस्पिटलमधली माणसं 'दोन मिनिटांत आणतो' म्हणून हत्यार नेत आणि दोन-दोन महिने आणत नसत. म्हणून चांगलं हत्यार साखळीनं टेबलाला बांधलेलं. व्हर्निअर साखळीला, मोठी कात्री साखळीला. मिस्त्रींनी डिस्कच्या प्लास्टिकच्या कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, साखळी ओवली, टेबलाला बोल्टनं आवळली. तिची वायर कॉम्प्युटरमध्ये कायमची खोचली आणि कुणी उपटू नये म्हणून तांब्याच्या तारेनं करकचून बांधली. रोज प्रत आपोआप व्हायची. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा!"

कंडक्टरबाई कुबड्यांवर आली तो मंगळवार होता. खांद्याला पिशवी. पिशवीतून तिनं पाय काढून टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी सॉकेट उजेडाला धरलं. तळापासून मध्यापर्यंत उभी चीर. आणि खालचा अर्धा भाग वाकडातिकडा, वितळून पुन्हा थिजलेला.

"हे काय केलंस?"

"चीर पडली होती काका. गॅसवर जरा शेकवला आणि दाबला."

"गॅसवर!"

"मग काय करू? सुट्टी शिल्लक नव्हती. नऊ दिवस तसाच घातला."

"पायाची काय अवस्था?"

तिनं साडीचा काठ वर केला. उरलेल्या पायाच्या टोकाला चांगलीच जखम, आजूबाजूला सूज. मिस्त्रींनी खाली वाकून ती निरखली.

"ओरडा ना," ती म्हणाली. "बसमध्ये मी रोज चारशे माणसांवर ओरडते. एक दिवस ऐकून घेईन."

"ओरडून सूज उतरते का?" ते म्हणाले. "ह्याच्यावर प्लास्टर लावता येणार नाही. जखम भरेपर्यंत नाही. महिना जाईल. मग माप, मग दोन-तीनदा घालून बघणं."

तिचा आवाज खाली आला. "काका, अठरा दिवसांनी माझी डेपोत तपासणी आहे. पायरीवर चढून दाखवायचं, चालत्या बसमध्ये हात न धरता उभं राहायचं. पाय मोडला हे त्यांना कळलंय. नाही जमलं तर कामावरून कमी करतील. घरात कमावणारी मी एकटी. हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. नवं माप कशाला हवं? तुझं जुनं माप आहे आत. सूज उतरली की पाय तोच. बस इथं. चार दिवसांत सॉकेट देतो."

ते कॉम्प्युटरसमोर बसले. यादी उघडली. आणि बघता बघता यादीतली नावं बदलायला लागली. एकेक नाव जायचं आणि त्या जागी अक्षरांचा कचरा यायचा. बारा, तेरा, चौदा.

"साहेब," त्यांनी हाक मारली, "तुम्ही आतून काही करताय का?"

"नाही बुवा," आतून आवाज आला. "ते मशीन दुरुस्तीचं पत्र आलं होतं मघाशी ई-मेलवर, ते तुमच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं फक्त. उघडलंच नाही नीट."

साखळीच्या डिस्कवरचा दिवाही फडफडत होता. कुणी काम करत नसताना. कारखान्यात मिस्त्री एकच गोष्ट सगळ्यांत आधी शिकले होते. मशीन भलताच आवाज करायला लागलं की आधी मेन स्विच, मग विचार. ते उठले आणि भिंतीतला प्लग उपटला.

साहेब धावत आले. "अहो मिस्त्री! कॉम्प्युटर असा बंद करत नाहीत! बिघडेल!"

"बिघडलाय म्हणूनच बंद केला. पट्ट्यात हात अडकल्यावर मशीन रीतसर बंद करायला कुणी थांबत नाही."

दुपारी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातला माणूस आला. दारातूनच ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हायरस. सगळं कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. पुसून नवं टाकून देतो. उद्या सकाळी तयार."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं."

"बघितलंत का?"

"त्यात बघायचं काय? असलं जातंच."

"न मोजता गेलं म्हणता?" मिस्त्री म्हणाले आणि प्लगसमोर आडवे उभे राहिले. साहेब मध्ये पडले. चूक आपल्या हातून झाली हे त्यांना कळत होतं. "दहा दिवस," ते म्हणाले. "दहा दिवस हा कॉम्प्युटर मिस्त्रींचा. तोवर पुसायचा नाही."

कंडक्टरबाई बाकावर बसून सगळं ऐकत होती. जाताना म्हणाली, "मिलिमीटर, माझं माप त्यात आहे ना?"

"आहे. सापडलं नाही एवढंच."

मिस्त्रींच्या मनगटावरचं घड्याळ वर्षातून एकदा ज्या दुकानात जायचं, तिथे ते त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर आणि डिस्क पोत्यात गुंडाळून घेऊन गेले. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचं दुकान. पाटीवर अजून 'घड्याळ दुरुस्ती'. वडिलांच्या मागे दुकान मुलीकडे आलं आणि घड्याळं कमी झाली तशी ती कॉम्प्युटर उघडायला लागली. चाळिशीची बाई. सगळे तिला घड्याळताई म्हणत. डोळ्याला भिंग लावूनच बोलायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं आपलीच तपासणी चालली आहे.

"बंद केल्यावर पुन्हा चालू केला होता?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. दुसऱ्यालाही करू दिला नाही."

तिनं भिंग वर सरकवलं. "बसा काका."

मग तिनं पोत्यातून डिस्क काढली. मागून साखळी खळखळत आली.

"हे काय?"

"प्रत आहे. कुणी नेऊ नये म्हणून बांधली."

"कायम जोडलेली?"

"कायम."

ती हसली नाही, म्हणून मिस्त्रींना जास्त लागलं. "काका, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात तुम्ही. जे कॉम्प्युटरला जोडलेलं असतं ते सगळं हा व्हायरस खातो. प्रत वेगळी ठेवायची असते ती ह्याच्यासाठीच. माणसं नेतील म्हणून बांधलीत, आणि ती सुटी असती तर वाचली असती."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "साहेबांनी पत्र उघडलं असेल. पण साखळी माझी."

"आता दुसरी बाजू ऐका," ती म्हणाली. "हा व्हायरस प्रत्येक गोष्टीची कुलूपबंद नक्कल करतो आणि मूळ पुसतो. पण पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच पडून असतं, फक्त त्याचं नाव गेलेलं असतं. कॉम्प्युटर चालू राहिला असता तर त्यावर लिहिलं गेलं असतं. तुम्ही प्लग काढलात. बहुतेक लोक काढत नाहीत, बघत बसतात."

"मग काढा बाहेर."

"घाई नाही. मूळ डिस्कवर मी काम करणार नाही. आधी तिची हुबेहूब प्रत. मूळ फक्त वाचायचं, तिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. सगळी खटपट प्रतीवर."

मिस्त्रींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "आम्हीसुद्धा पहिल्या प्लास्टरला कानस लावत नाही. त्यावरून दुसरं ओततो आणि ते घासतो."

"मग आपलं जमेल," घड्याळताई म्हणाली.

प्रत व्हायला पुढचा अख्खा दिवस गेला. गुरुवारी संध्याकाळी चारला काम संपल्यावर मिस्त्री दुकानात आले तेव्हा पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. घड्याळताई दमलेली दिसत होती.

"सापडतंय," ती म्हणाली. "पण नावं नाहीत. कुठले आकडे कुणाचे, देवाला ठाऊक. मला सगळे सारखेच दिसतात."

मिस्त्रींनी चष्मा पुसला, पुढे झुकले आणि बोट पडद्यावरून खाली नेत गेले. सव्विसाव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे बेकरीतले भट्टीवाले. उजवा पाय."

"कशावरून?"

"इथं चार मिलिमीटरचा फुगवटा आहे बघा. हा मशीननं केलेला नाही, मी केलाय. त्यांच्या हाडाला इथं टोक आहे. लिहून घ्या."

तिनं वहीत लिहिलं आणि पुढचे आकडे आणले. "आणि हे?"

"ह्या शिंपीणबाई. डाव्या पायानं मशीन चालवायच्या, आता उजव्यानं चालवतात. मागच्या बाजूला जागा जास्त दिलीय, तासन्‌तास बसतात म्हणून."

"काका, तुम्ही आकडे वाचता की माणसं?"

"मी केलेलं काम वाचतो. सुताराला स्वतःचा रंधा ओळखता आला नाही तर त्यानं रंधा खाली ठेवावा."

तेव्हापासून रोज चार ते सात. घड्याळताई डिस्कच्या कानाकोपऱ्यातून पुसलेले आकडे उकरून काढायची, मिस्त्री ओळखायचे, वहीतल्या नावापुढे खूण व्हायची. सोपं नव्हतं. काही पाय पाच मिनिटांत सापडले, काहींना तास गेला. एकसारखे दोन निघाले तेव्हा मिस्त्रींनी दोन्ही माणसांना बोलावून हातानं टेप लावून खात्री केली. अंदाजानं एकही खूण केली नाही. दुकानात स्टूल एकच होतं. पहिल्या दिवशी ते मिस्त्रींनी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी घड्याळताईनं घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घरून दुसरं आणलं.

एकदा एका पायापाशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

"नाही ओळखू येत?"

"येतो. शाळेतले चित्रकलेचे मास्तर. दोन वर्षांपूर्वी गेले."

"मग सोडून देऊ?"

"नाही. लिहा. सात वेळा आले होते मास्तर, तेव्हा कुठे हे माप बसलं. आमची दोघांची मेहनत आहे ती."

तिनं लिहिलं. त्या दिवशी चहा तिनं स्वतः केला. एरवी समोरून मागवायची.

कंडक्टरबाईचं माप सहाव्या संध्याकाळी मिळालं. तपासणीला दहा दिवस उरले होते. मिस्त्रींनी आकडे पाहिले आणि खुर्चीत असल्यासारखे स्टुलावर मागे टेकायला गेले, पडता पडता वाचले.

"तीच! डावा पाय. बाहेरच्या अंगाला सहा मिलिमीटर. बसची पायरी चढताना तिथं दाब यायचा. आधी दोन दिले, मग चार, मग सहा. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा वर्कशॉपभर नाचली होती. दांडे सोडून." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण ही सुरुवात कुठंय? हे तेविसाव्या ओळीपासून दिसतंय."

घड्याळताईनं अर्धा तास शोधलं. भिंग लावलं, काढलं. शेवटी हात मांडीवर ठेवले.

"वरच्या बावीस ओळी गेल्या काका. तुम्ही प्लग काढायच्या आधीच तेवढ्या जागेवर दुसरं लिहिलं गेलं. हे माझ्यानं परत येणार नाही. खोटं सांगत नाही."

वरच्या बावीस ओळी म्हणजे सहासष्ट मिलिमीटर. गुडघ्याखालची वाटीची कड. सगळं वजन पेलते ती जागा. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, अशातली गत. मिस्त्री घरी गेले आणि जेवायला बसले.

"पाय मिळाला नाही का तिचा?" बायकोनं विचारलं.

"खालून मिळाला. वरून गेला."

"आणि तो मोडका?"

"तो खालून गेलाय." एवढं म्हणाले आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. "तो खालून गेलाय. वरून शाबूत आहे."

"मग मला कशाला विचारता," बायको म्हणाली. मिस्त्रींनी काही विचारलं नव्हतं, पण ते वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडकं सॉकेट घेतलं. चीर मध्यापर्यंतच होती आणि गॅसची आच खालच्या अर्ध्यालाच लागली होती. वरची कड होती तशी होती. ती मोजणाऱ्या मशीनला मात्र आतून मोजता येत नव्हती. ते मशीन फक्त बाहेरून मोजायचं. आत प्लास्टर ओतून साचा काढावा तर चिरेतून ओघळून कड फाकायची भीती. मग राहिले हात.

मिस्त्रींनी लाकडाच्या ठोकळ्यात एक सळई उभी बसवली. सळईला आडवी सरकणारी सुई. खाली अंशांची गोल चकती. सॉकेट ठोकळ्यावर पक्कं केलं. सुई आतल्या भिंतीला टेकवायची, व्हर्निअरनं अंतर वाचायचं, लिहायचं, चकती दहा अंश फिरवायची. छत्तीस वेळा केलं की एक ओळ. मग सुई तीन मिलिमीटर खाली. बावीस ओळी. सातशे ब्याण्णव मापं. प्रत्येक माप दोनदा. दोन्ही जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा. जोड बरोबर बसतो का हे बघायला तेविसावी आणि चोविसावी ओळही मोजली. ती कॉम्प्युटरमधल्या आकड्यांशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली. त्या दोन ओळी त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत.

दोन दिवस लागले. साहेब अधूनमधून येऊन मागे उभे राहात. एकदा म्हणाले, "मिस्त्री, मी लिहून घेऊ का? तुम्ही वाचा."

मिस्त्रींनी वही त्यांच्याकडे सरकवली. "स्पष्ट लिहा. सात आणि एक वेगळे दिसले पाहिजेत."

साहेबांनी दुसरा अख्खा दिवस उभ्यानं आकडे लिहिले. जेवायलाही दोघं एकत्र गेले. त्यानंतर त्यांच्यात पत्राचा विषय कधी निघाला नाही.

सॉकेट ओढून, घासून तयार झालं तेव्हा तपासणीला पाच दिवस होते. कंडक्टरबाई आली. जखम सुकली होती, सूज उतरली होती. हॉस्पिटलच्या नर्सनं रोज पट्टी बदलून दिली होती आणि ह्या खेपेला तिनं गॅसच्या जवळही पाय नेला नव्हता. दांड्यांमध्ये उभी राहिली. पाय आत सारला. एक पाऊल टाकलं.

"कसंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"थांबा हो, पुढे सरकू द्या."

दुसरं पाऊल. तिसरं. शेवटापर्यंत गेली, वळली, परत आली. मग म्हणाली, "आतल्या बाजूला जरासं..."

"जरासं म्हणजे किती?"

तिनं बोटांच्या चिमटीत हवा धरून दाखवली. "एक मिलिमीटर."

मिस्त्रींनी काढून मोजलं, घासलं, पुन्हा दिलं. एकच निघालं. "इतक्या वर्षांत एक माणूस तयार झाला," ते म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मिस्त्री कामावर होते. दुपारी तीनला ती दारात उभी राहिली, गणवेशात, कमरेला तिकिटांची पिशवी. कुबड्या नव्हत्या.

"चालत्या बसमध्ये उभं केलं काका. ड्रायव्हरनं मुद्दाम दोनदा कचकन ब्रेक मारला. तपासणारे डॉक्टर पडले. मी नाही."

साहेब इतके हसले की जनरेटरच्या खोलीतला माणूस बघायला आला. मिस्त्री हसले नाहीत. तोंड फिरवून ते व्हर्निअर पुसत राहिले, आणि ते आधीच पुसलेलं होतं.

ती जवळ आली, हात जोडले. "काय बोलू काका? माझ्या घराची चूल तुमच्यामुळे पेटते."

"मला एकट्याला नको सांगू. त्या जिन्याखालच्या बाईला सांगून ये. आणि रस्त्यानं सावकाश जा."

ती गेली. घड्याळताईनं नंतर सांगितलं, की दुकानात दोघी तासभर बोलत बसल्या आणि एक गिऱ्हाईक परत गेलं.

शेवटी हिशेब असा लागला. तीनशे चाळीसपैकी दोनशे शहाण्णव पाय पूर्ण मिळाले. एकतीस वरून तुटलेले. तेरा कायमचे गेले. दुकानाची मजुरी हॉस्पिटलनं दिली. कंडक्टरबाई सोडून उरलेल्या तीस जणांना मिस्त्रींनी एकेक करून जुन्या सॉकेटसह बोलावलं आणि त्याच सुईनं कडा मोजल्या. रोज सकाळी सव्वासहा ते सात, फुकटच्या पाऊण तासात. अडीच महिने लागले.

काम संपलं तेव्हा ते घड्याळताईकडे गेले. आभार मानणं त्यांना जमत नसे.

"तुमचे उपकार आहेत," शेवटी म्हणाले.

"उपकार कसले? प्लग तुम्ही काढलात. ओळखलंत तुम्ही. मी नुसते आकडे उपसले."

"मूळ डिस्कला तुम्ही हात लावला नाहीत. दुसरा असता तर आधी तीच घासली असती."

ती लाजली. भिंग लावून खाली बघायला लागली. मग म्हणाली, "एक ऐका. आता दोन प्रती केल्यात, एक कपाटात आहे, बरं आहे. पण तिसरी दुसऱ्या जागी ठेवा. वर्कशॉप जळलं, पाणी शिरलं, तरी एक कुठंतरी राहिली पाहिजे. जितकी लांब तितकी बरी."

मिस्त्री चालत घरी गेले आणि वाटेत तिसरी जागा शोधत गेले. साहेबांचं घर? ते बदलून जातील. स्वतःचं घर? दोन वर्षांनी आपण निवृत्त. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाय ज्याचा, माप त्याच्याच घरी असायला हवं. तीनशे घरं एकाच दिवशी जळत नाहीत.

ऐंशी ओळी दोन कागदांवर मावत होत्या. साहेबांनी वर विचारलं, तर उत्तर आलं की असा खर्च कुठल्या सदरात बसत नाही, प्रस्ताव पाठवा, विचार करू. "राहू दे साहेब," मिस्त्री म्हणाले. पहिल्या तारखेला पगार झाला. संध्याकाळी ते कागदांचे गठ्ठे, लांब पाकिटं आणि रजिस्टर टपालाची तिकिटं घेऊन घरी आले.

"पगार कुठाय?" बायकोनं विचारलं.

त्यांनी पिशवी दाखवली.

बायकोनं आत डोकावून बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "ह्या महिन्यात आपण कागद खायचा का?"

"माझा जुना कोट आहे ना, तो यंदा चालेल."

"तो गेल्या वर्षीच चालत नव्हता," ती म्हणाली. पण पदर खोचून बसली आणि पाकिटं मोजायला घेतली.

घड्याळताईनं छपाईचे पैसे घेतले नाहीत. चार संध्याकाळी तिच्या दुकानातलं छपाई यंत्र चालू होतं. जे हयात नव्हते त्या एकोणीस जणांची पाकिटं मिस्त्रींनी केली नाहीत. घरच्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची, म्हणाले. ते कागद मात्र छापले आणि वर्कशॉपच्या कपाटात ठेवले. बाकी प्रत्येक पाकिटात दोन कागद आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी सगळ्यांना सारखीच: 'हे आपल्या पायाचं माप. सोबत ठेवावं. कुठल्याही गावी, कुठलाही कारागीर ह्यावरून पाय करू शकेल. आमच्याकडून हरवलं तर आपल्याकडून मागून घेऊ.'

ज्यांची मापं कायमची गेली त्या तेरा जणांना वेगळी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. 'आपलं माप आमच्या चुकीनं गेलं. पुन्हा घ्यावं लागेल. सवडीनं या. सकाळी सव्वासहानंतर मी असतोच.' खाली सही.

तीनशे एकवीस पाकिटं झाली. त्या महिन्याचा पगार त्यात बरोबर संपला. घरभाडं बायकोनं साठवलेल्यातून भरलं. रविवारी दोघांनी पाकिटं दोन पिशव्यांत भरली आणि सोमवारी टपाल कार्यालयात नेऊन दिली. टपालपेटीच्या फटीत नाही. खिडकीवर, हातात.